अजगराचं पिल्लू खात नाही? आधी वारूळ बघा, मग उंदीर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चकली घरी आली तेव्हा तिचं वजन ११८ ग्रॅम होतं. सहा आठवड्यांनी ते १०९ झालं. मधल्या काळात तिने काहीही खाल्लं नव्हतं. दर तीन-चार दिवसांनी आम्ही तिच्यापुढे उंदीर धरत होतो, ती डोकं वेटोळ्यात लपवत होती, आणि तो उंदीर मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकत होते. लेक रोज शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी विचारायची, “खाल्लं का गं तिने?”

चकली म्हणजे आमचं अजगराचं पिल्लू. लेकीने त्याचं वेटोळं बघून हे नाव ठेवलं. जात बॉल पायथन. आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून बॉल. स्वभावाने अतिशय शांत, म्हणून नवशिके तोच आणतात, आणि खाण्याच्या बाबतीत सगळ्यांत हटवादीही तोच. त्यामुळे ही अडचण येणारे तुम्ही एकटे नाही. एकदा सुटली की कायमची सुटते असंही नाही. आमच्याकडे डिसेंबरात ती परत आली. दोन्ही वेळा काय चुकलं आणि काय लागू पडलं ते इथे सविस्तर लिहिते.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. पिल्लू खात नाही म्हटलं की आपण खाणं बदलत बसतो. दुसरा आकार, दुसरं दुकान, दुसरी वेळ. बहुतेक वेळा दोष साप ठेवायच्या काचेच्या पेटीत असतो: ऊब कमी असते, नाहीतर लपायची जागा पिल्लाला सुरक्षित वाटत नाही. आम्ही सहा आठवडे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी असा प्रकार केला.

काळजी करायची की नाही, हे आधी ठरवा

नवीन घरी आलेलं पिल्लू पहिला आठवडाभर खाणार नाही, हे धरूनच चाला. त्या आठवड्यात द्यायचा प्रयत्नही करू नका. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-पांढुरके होतात, अंग फिकट दिसतं. तेव्हाही बरीच पिल्लं तोंड फिरवतात. कात पडली की दोन दिवसांनी बघा. अगदी नुकतं अंड्यातून आलेलं पिल्लू पहिली कात पडेपर्यंत खात नाही, कारण अंड्यातला बलक त्याच्या पोटात असतो.

यातलं काहीच नसेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या (सापासाठी तो वेगळाच ठेवा) आणि आठवड्यातून एकदा वजन करून वहीत तारखेसह लिहा. डोळ्यांना “बारीक झाली गं” असं रोजच वाटतं. काटा खरं सांगतो. चांगल्या तब्येतीचं पिल्लू काही आठवडे न खाताही वजन बऱ्यापैकी टिकवून धरतं, कारण त्याचं शरीर फार कमी ऊर्जेवर चालतं. मी रेघ ओढली होती सुरुवातीच्या वजनात दहा टक्के घट होईल तिथे. म्हणजे चकलीसाठी १०६ ग्रॅम. त्याखाली गेली तर सरळ डॉक्टर. १०९ आकडा लिहिला त्या रात्री मला झोप आली नाही, पण रेघेच्या वर अजून तीन ग्रॅम आहेत हेही त्याच वहीत दिसत होतं. त्यामुळे हातून काही भलतं झालं नाही.

ऊब कुठे मोजताय?

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब मिळाली तरच त्याचं पोट चालतं. थंड पोटात उंदीर गेला तर तो पचत नाही, आतच सडतो आणि साप तो उलटी करून बाहेर टाकतो. म्हणून पुरेशी ऊब नसेल तर साप बहुतेकदा खातच नाही.

आमच्या पेटीखाली हीटमॅट (विजेवर तापणारी चटई) होती, तिची ऊब ठरावीक अंशावर ठेवणारा थर्मोस्टॅट होता, त्यावर ३२ अंश सेल्सियस दिसत होतं. सगळं बरोबर. मग एका शनिवारी नवऱ्याने ऑफिसमधून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, तो पिस्तुलासारखा दिसणारा. चकली जिथे बसायची त्या लाकडी भुशाच्या थरावर रोखला. २६. त्याने दोनदा, तीनदा दाबलं. २६च. मी हाताने भुसा बाजूला केला, तर खाली काचेला बोट टेकवल्यावर चांगलीच ऊब लागत होती. मऊ बसायला मिळावं म्हणून आम्हीच पाच सेंटीमीटर जाड भुसा घातला होता. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटपाशी, खाली. पिल्लू पाच सेंटीमीटर वर, गोधडीच्या चुकीच्या बाजूला.

उबदार बाजूला भुसा दीड सेंटीमीटरवर आणला, थर्मोस्टॅट रोज एकेक अंश वाढवत वरचा पृष्ठभाग ३१ ते ३२ वर आणला. थंड बाजू २५-२६. दोन्ही बाजू लागतात, कारण साप स्वतःच इकडून तिकडे सरकून आपलं तापमान सांभाळतो. काचेला चिकटवायचा गोल घड्याळासारखा थर्मामीटर असेल तर त्यावर अवलंबून राहू नका. तो त्याच्याभोवतीची हवा मोजतो, तुमचा साप बसतो ती जागा मोजत नाही. आणि थर्मोस्टॅटशिवाय मॅट कधीच लावू नका. साप चटका बसला तरी जागेवरून पटकन उठत नाही, पोटाची कातडी भाजते.

वारूळ

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण चकलीचं खरं दुखणं इथे होतं.

ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांत हे अजगर उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात दिवस काढतात आणि अंधार पडला की बाहेर येतात. हे वाचलं तेव्हा मला आजोळ आठवलं. नागपंचमीला आजी परसामागच्या वारुळाला हळद-कुंकू वाहायची, आणि आम्हा मुलांना बजावून सांगायची की त्यात काठी घालायची नाही. वारूळ म्हणजे सापाचं घर, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आणि मी मात्र चकलीला दुकानात छान दिसलेली अर्ध्या ओंडक्याची कमान दिली होती, दोन्ही बाजूंनी उघडी, तिच्या अंगाच्या चौपट रुंद. तिन्ही बाजूंना काच, काचेपलीकडे टीव्ही, आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी वाकून बघणारं.

वारूळ कसं असतं? अंधारं, अरुंद, एकच तोंड असलेलं. साप आत वेटोळं घालून बसला की चारही बाजूंनी भिंत अंगाला टेकते. ते टेकणं त्याला हवं असतं. मी आइसक्रीमचा काळा प्लास्टिकचा डबा घेतला, तो उपडा ठेवून एका बाजूला दोन बोटं जातील एवढं भोक पाडलं आणि कडा मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केल्या. तसाच दुसरा. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. नाहीतर पिल्लाला ऊब हवी की आडोसा हवा यातून एक निवडावं लागतं. काचेला तीन बाजूंनी बाहेरून काळा कागद. मध्ये प्लास्टिकची पानं आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, म्हणजे इकडून तिकडे जाताना उघडं पडायला नको. पेटी हॉलमधून उचलून वरच्या शांत खोलीत नेली.

आणि हाताळणं बंद. पूर्ण बंद. लेकीला हे सगळ्यांत जड गेलं. तिला मी सांगितलं की चकली सलग तीनदा खाईल तेव्हा चौथ्या आठवड्यात हातात घ्यायची. तिने कॅलेंडरवर तीन रिकामे चौकोन काढले. पाणी बदलणं आणि घाण काढणं एवढ्यापुरतंच पेटी उघडायची, तेही दिवसा, पटकन. वजन करायचं तेव्हा डब्यासकट उचलून काट्यावर ठेवायचं आणि नंतर रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं.

विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न

हे मी आणायच्या दिवशीच विचारायला हवं होतं: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, केवढं, जिवंत की गोठवलेलं, चिमट्याने की ठेवून दिलेलं. दुकानाने “रॅट पप द्या”, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू द्या, म्हणून सांगितलं होतं. पिल्लं जिथे जन्मली त्या माणसाचा नंबर मी शेवटी दुकानाकडून मागून घेतला. तो म्हणाला, मी तर हिला माऊस हॉपर, म्हणजे लहान जातीच्या उंदराचं केस आलेलं पिल्लू, देत होतो.

मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीरच म्हणतो, त्यामुळे मलाही तो फरक किरकोळ वाटला होता. चकलीच्या जिभेला तो किरकोळ नव्हता. साप वास जिभेने टिपतो, आणि पिल्लाला ज्या वासाची सवय लागते तेच त्याच्या लेखी अन्न असतं. बाकी सगळं म्हणजे पेटीत आलेली एक अनोळखी वस्तू. त्यामुळे सुरुवात त्याच्या सवयीच्या खाण्यानेच करा. मोठं झाल्यावर रॅटवर आणायचंच असेल तर नंतर आणता येतं: गोठवलेला रॅट वितळताना त्याच पिशवीत माऊस ठेवायचा, म्हणजे वास लागतो.

आकाराचा साधा हिशोब: उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यांत जाड भागाएवढा, किंवा वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. रुसलेल्या पिल्लाला दहाच्या जवळचा द्या. मोठा उंदीर बघून ते घाबरतं.

एक सांगून टाकते. आमच्या घरी मांसमच्छी शिजत नाही. पहिलं पाकीट उघडलं तेव्हा त्या हॉपरच्या मिटलेल्या पापण्या आणि इवल्या मिश्या बघून मला गलबलून आलं होतं. पण अजगर पाळायचा तर त्याचं अन्न हेच, आणि ते त्याला नीट मिळावं ही जबाबदारी आपली. फ्रीझरमध्ये झाकणाचा वेगळा डबा, वेगळं भांडं, वेगळा चिमटा, आणि काम झालं की साबणाने हात. सापांच्या आणि गोठवलेल्या उंदरांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे ही भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर विशेष जपा.

त्या रात्री केलं ते

पेटी बदलून बरोबर सात दिवस काहीच दिलं नाही. आदल्या रात्री एक हॉपर फ्रीझरमधून काढून झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात वीस मिनिटं, मध्ये एकदा पाणी बदललं. पोट बोटाने दाबून बघायचं. आत बर्फाचा खडा लागला तर अजून वेळ आहे. मायक्रोवेव्ह कधीही नाही. आतून शिजतो, फुटतो. मग कागदाने कोरडा केला आणि हेअर ड्रायर डोक्यापाशी धरला. या अजगरांच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्यांना समोरच्या प्राण्याची ऊब जाणवते. डोकं ३८-४० अंशांना हवं, म्हणजे जिवंत प्राण्याच्या जवळपास. खोलीच्या तापमानाचा उंदीर अंधारात त्यांना जवळजवळ दिसतच नाही.

दिवे मालवले, बाहेरच्या जिन्यातला तेवढा चालू ठेवला. लांब चिमट्याने हॉपर शेपटीकडून धरून डब्याच्या भोकासमोर, हातभर नव्हे, चार बोटं लांब. तोंडावर नेऊन आदळायचा नाही. उंदीर सापाच्या अंगावर चालून येत नाही, बाजूने जातो, तसाच हलवायचा. भोकातून नाक आलं. जीभ सावकाश बाहेर, आत, बाहेर. सहा आठवड्यांत ती पहिल्यांदा पुढे आली होती. मी श्वास रोखला, हात थरथरला, हॉपर तिच्या नाकाला लागला आणि ती मागे गेली.

पूर्वी असं झालं की मी अर्धा तास प्रयत्न करत बसायचे. या वेळी हॉपर एका बशीत भोकासमोर ठेवला, दार लावलं, दिवा बंद केला आणि आम्ही खाली गेलो. सकाळी सहाला लेक आधी उठली. बशी रिकामी होती, तिच्यावर ओलसर डाग होता, आणि डब्याखाली चकलीच्या अंगात मध्यावर एक फुगवटा. लेकीने ओरडायचं नाही असं ठरलं होतं, ती तोंडावर दोन्ही हात धरून उभी राहिली.

त्यानंतर दोन दिवस पेटीला हात लावला नाही. सात दिवसांनी तेवढाच दुसरा हॉपर. तिसऱ्या वेळी तिने चिमट्यावरच झडप घातली, इतकी अचानक की चिमटा माझ्या हातातून पडला, आणि तीन वेढे घातले.

बशीतलं सकाळपर्यंत तसंच राहिलं तर टाकून द्यायचं, परत गोठवायचं नाही. आणि पुढचा प्रयत्न सात दिवसांनीच. दर दोन दिवसांनी उंदीर नाचवला की पिल्लू उंदरालाच घाबरायला शिकतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मी ऊब आणि डबे एकदम बदलले कारण दोन्ही उघडच चूक होते. पण खाण्याचा प्रकार आणि वेळ पेटी स्थिर झाल्यावरच हात लावायच्या गोष्टी आहेत.

दूध, जिवंत उंदीर, बळजबरी

आत्याचा कळवळून फोन आला होता, “अगं, वाटीत थोडं दूध तरी ठेव.” तिला मी समजावलं, इथेही लिहिते: सापाला दूध पचत नाही, तो त्याचा आहारच नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानेलं ठेवलेलं असतं. पिल्लाला स्वच्छ पाणी द्या, रोज बदलून.

जिवंत उंदीर सोडावा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा ठाम विरोध आहे. न खाणाऱ्या सापाबरोबर बंद पेटीत राहिलेला उंदीर सापाला कुरतडतो, डोळे जातात, पाठीचं मांस जातं. उंदरालाही उगीच भीती आणि यातना.

तोंड उघडून कोंबणं हा तर शेवटचा उपाय, आणि तो सरावलेल्या हाताने किंवा डॉक्टरने करायचा. पिल्लाचे जबडे नाजूक असतात, आणि घाबरलेलं पिल्लू नंतर उलटी करतं. उलटी झालीच तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नका आणि पुन्हा सुरुवात लहान उंदराने करा.

डिसेंबरात पुन्हा

आठ वेळा नीट खाऊन चकली परत थांबली. दोनदा बशी तशीच राहिली. या वेळी आम्ही उंदराकडे न बघता आधी पेटी मोजली. ऊब ठीक होती. आर्द्रता मात्र ३८ टक्के, हवी ६०च्या वर. घरातलं हीटिंग दिवसभर चालू झालं होतं, त्याने हवा कोरडी पडली होती, आणि तिचे डोळे निळसर व्हायला लागले होते. उबदार बाजूच्या डब्यात ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) घातलं, पाण्याचं भांडं मोठं केलं, वरची अर्धी जाळी झाकली. कात अखंड निघाली, शेपटीच्या टोकापर्यंत, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. तिसऱ्या दिवशी खाल्लं.

बॉल पायथनऐवजी कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाचं पिल्लू असेल तर ऊब थोडी कमी लागते, आणि हट्टी पिल्लांना पिंकीला (उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या, केस नसलेल्या पिल्लाला) पालीसरड्याचा वास लावून दिला की बरेचदा फरक पडतो, कारण रानात त्यांची पिल्लं छोटे सरडे खातात. आडोशाचं आणि धीराचं मात्र तेच.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: घरात सापडलेलं धामण, दिवड किंवा तस्कराचं पिल्लू “खात नाही, काय देऊ” असं कुणी विचारत असेल तर ते ठेवायचंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपले साप पाळणं गुन्हा आहे. वनविभागाला १९२६ वर फोन करा. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल तर याच कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

डॉक्टरकडे वाट न बघता कधी जायचं: वजन रेघेखाली गेलं, तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळट थर, डोकं सारखं वर आकाशाकडे वळणं, किंवा पाण्याच्या वाटीत बुडालेले खसखशीएवढे काळे किडे. नेहमीच्या कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरऐवजी सरपटणारे प्राणी बघणारा शोधा, आणि तो पिल्लू आणायच्या आधीच शोधून ठेवलेला बरा. जाताना वजनाची वही, पेटीचा फोटो, उबेचे आकडे आणि विष्ठा मिळाली असेल तर तिचा ताजा नमुना बंद डबीत घेऊन जा. पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी हवेला भोकं असलेल्या डब्यात, आणि थंडी असेल तर डब्याबाहेर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली.